धर्मग्रामात दोन तट पडलेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या) पालकीय मंडळाच्या, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या लोकांच्या मंडळाच्या, सचिवांनी तो विचारला आहे. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून दोन तट आहेत. निमित्त झालं वाडीवरच्या कपेलाच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) दुरुस्तीच्या हिशोबाचं. मग क्वायरमधून, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातून, काही जण बाहेर पडले. फादर एका बाजूचे आहेत असं दुसरी बाजू म्हणू लागली. आता वीस-बावीस घरं रविवारी शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातात. गेल्या पावसात एका घरी मयत झालं, तर दुसऱ्या तटाचं कुणी खांदा द्यायलाही आलं नाही. ताई विचारतात, "बिशपांचा प्रतिनिधी बोलावून सर्वसाधारण सभा घ्यावी म्हणते. बरोबर होईल का?"

नाही. निदान आत्ता तरी नाही.

मी वसईची. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यातल्या शेवटच्या वीसेक वर्षांत आणि निवृत्तीनंतर आमच्याकडच्या, पुढे रायगड-रत्नागिरीच्याही धर्मग्रामांतून भांडणं सोडवायला बोलावणी येत गेली. कॅथलिक जास्त, प्रोटेस्टंट मंडळ्याही काही. सुरुवातीला मीही सभाच बोलवायचे. चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, प्रार्थना, बायबलचं वाचन, मग "आता मोकळेपणाने बोला". माणसं मोकळेपणानेच बोलायची. एका गावात दुसऱ्या मिस्सानंतरच्या अशाच सभेत एक जण उभा राहून खजिनदाराला "चोर" म्हणाला. एकच शब्द. रागात निघाला होता, रात्री त्याला त्याची लाजही वाटली असेल. पण दीडशे माणसांनी ऐकला होता, त्यात खजिनदाराची सून होती. तो एक शब्द मिटवायला चार वर्षं गेली, मूळ हिशोब मिटवायला तीन आठवडे.

चारचौघांत बोललेलं वाक्य माणसाला चिकटतं. ओटीवर बोललेलं दुसऱ्या दिवशी बदलता येतं, सभेत बोललेलं बदललं तर हार होते. त्यात आता प्रत्येक सभा कुणाच्या तरी मोबाइलवरून मुंबईला, कुवेतला, दोहाला जाते, आणि ज्यांनी कपेलासाठी पैसे पाठवले ते चाकरमानी तिथून आगीत तेल ओततात. त्यांचा दोष नाही. त्यांना गावातलं फक्त भांडणच पोचतं, त्याच दिवशी दोन्ही तटांच्या बायका एका विहिरीवर बोलल्या हे पोचत नाही. सभा भांडण मिटवत नाही, मिटलेल्या भांडणावर शिक्का मारते. म्हणून ती शेवटी.

आधी ओट्या.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला क्रम तुम्हाला पाठ असेल: अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग बिशपांना सह्यांचं पत्र, मग कधीतरी बाजारात समोरासमोर. आणि हाच उतारा भांडणात आरोपपत्रासारखा वाचून दाखवला जातो, "आम्ही तीनही पायऱ्या केल्या, आता तुम्ही परके" असा. पहिल्या पायरीवर किती वेळ घालवायचा हे त्यात लिहिलेलं नाही. माझा अनुभव विचाराल तर सगळ्या वेळातला तीन-चतुर्थांश तिथेच जातो.

दोघांनी जायचं. एक तुम्ही आणि दुसरं असं कुणीतरी, जे दोन्ही तटांना पटतं. बहुतेक गावांत असं एक तरी माणूस असतं, आणि ते बहुधा मंडळावर नसतं: म्हातारी सुईण, निवृत्त पोस्टमन, एखादी सिस्टर. सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या घरापासून सुरुवात करू नका. तिथून केली तर पहिल्याच दिवशी त्याची गोष्ट हीच गोष्ट होऊन बसते. जी घरं गप्प आहेत, जी न भांडता शेजारच्या चर्चला जायला लागली, त्यांच्यापासून करा. संध्याकाळी जा, जेवणाच्या आधी. वही काढू नका. वही दिसली की माणूस साक्ष द्यायला लागतो. आणि "कपेलाचं काय झालं?" असं विचारू नका. विचारा, "तुम्हाला यात सगळ्यात जास्त काय लागलं?"

उत्तर बहुतेक वेळा कपेलाबद्दल नसतं. आमच्याकडे एका धर्मग्रामात कीबोर्ड कुणी वाजवायचा यावरून क्वायर फुटली होती. दोन मुलगे, दोघंही बरे वाजवायचे. सहा महिने सगळे सूर, ताल, सरावाच्या वेळा यांवर बोलत होते. मी एका मुलाच्या आजीकडे गेले. ती अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता तिने सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या मयताला दुसऱ्या घरून कुणी आलं नव्हतं. त्या घरची मुलगी त्या दिवशी बाळंत होत होती, हे आजीला कुणी सांगितलंच नव्हतं. नऊ वर्षं दोन्ही घरांची पोरं एकमेकांशी नीट बोलत नव्हती आणि का ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी दुसऱ्या घरच्या आईला त्या आजीकडे नेलं. दोघी आमच्यासमोर फारसं बोलल्या नाहीत. कीबोर्डचा प्रश्न पुढच्या रविवारी उरला नव्हता.

वसईतल्या आमच्या कुपारी समाजाचं नावच पोर्तुगीज शब्दावरून आलं असं आमच्याकडे सांगतात, एकमेकांच्या लेकरांचे बाप्तिस्म्याचे आई-बाप होणाऱ्यांचं नातं सांगणारा शब्द. तुमच्याकडेही तसंच आहे: एका तटातल्या माणसाने दुसऱ्या तटातलं पोर बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेलं असतं. ही नाती कागदावर काढून बघा. बाप्तिस्म्याचं रजिस्टर तुमच्या कपाटात नसलं तरी फादरांकडे आहे. कोण कुणाची गॉडमदर, कुणाच्या लग्नात कोण साक्षीदार. समेटाच्या वाटा तिथूनच जातात. मी हे नेहमी करते, आणि जवळजवळ नेहमीच एखादी धर्ममाता सापडते, जिला दोन्ही घरांत "बस, चहा टाकते" म्हणतात.

आता हिशोब. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच सगळ्यांत जास्त चूक होते. फादर म्हणतात, "माझ्यावर विश्वास नाही का?" खजिनदार म्हणतो, "देवाचं काम केलं आणि हे फळ!" प्रश्न विश्वासाचा नसतोच. हिशोब मागणं हा अविश्वास नव्हे, लोकांचा तो हक्क आहे. चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन संहितेत, प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असलीच पाहिजे असं ५३७ व्या कॅननमध्ये (कलमात) आहे. पालकीय मंडळ बिशपांना योग्य वाटलं तर, पण अर्थसमिती सक्तीची. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायचा, हे १२८७ व्या कॅननमध्ये. आणि एका कामासाठी दिलेले पैसे त्याच कामाला वापरायचे, हे १२६७ मध्ये. कपेलाच्या कौलांसाठी आलेल्या पैशांतून चर्चच्या कंपाउंडला गेट बसवलं असेल, तर गेट कितीही गरजेचं असलं तरी तक्रार खरी आहे. ते आधी मान्य करा.

पण तपासणी कोणी करायची? बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवा. ख्रिस्ती मंडळीतलं अगदी पहिल्या भांडणांपैकी हे एक, आणि तेही वाटपाचं: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सात जण नेमले, स्तेफन, फिलिप्प वगैरे. ती सातही नावं ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती, वाटप त्याच बाजूच्या माणसांच्या हाती गेलं. हा उतारा मी किती वेळा ऐकला असेन, पण हे मला पहिल्यांदा कळलं ते एका हिशोबाच्या रात्री.

रायगडकडचं एक छोटं कपेल. दुरुस्तीला तीन लाख चाळीस हजार जमा झाले होते, पावत्या दोन लाख साठ हजारांच्या. ऐंशी हजारांचा पत्ता नाही. खजिनदार एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आयुष्यात कुणाचे पाच रुपये ठेवले नसतील. गावाने त्यांना चोर ठरवलं होतं. मी फादरांना म्हटलं, तपासायला तिघे नेमा, आणि त्यातला एक असा घ्या जो सगळ्यांत जोरात ओरडतोय. तो होता सुतार. नाखुशीनेच आला. आम्ही खजिनदारांच्या ओटीवर बसलो. ते काहीच बोलेनात. शेवटी त्यांची बायको आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरची घडी केलेली पानं घेऊन आली. प्रत्येक पानाच्या पाठीवर पेन्सिलने रोजची मजुरी. मे संपत आलेला, पाऊस तोंडावर, गवंडी रोज संध्याकाळी रोख मागायचा, आणि हे बिचारे द्यायचे आणि कॅलेंडरवर टिपायचे. पावती कोण देणार? मी ती पानं सुताराच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्ही वाचा. तो वाचू लागला. चिरे उतरवायला चौघे, मग कौलं, मग सिमेंट वाहायला दोघे. एका ओळीवर तो थांबला. त्याच्याच धाकट्या भावाची तीन दिवसांची मजुरी होती. मग पुढचं त्याने वेगळ्या आवाजात वाचलं. एकाहत्तर हजार जुळले. उरलेले नऊ हजार जुळले नाहीत, ते खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून भरतो म्हटलं, आणि सुतार म्हणाला, "नको. तेव्हा मीही कामाला होतो, आठवलं तर आठवेल." रविवारी मिस्सानंतर हिशोब वाचून दाखवला तोही सुतारानेच.

म्हणून तुमच्याकडेही तपासणी तिघांनी करू दे, त्यात शेजारच्या चर्चला जाणाऱ्या घरांतला एक. हिशोब चर्चच्या फलकावर लावा, रुपये-पैशांसकट, आणि एक महिना राहू द्या. मुंबईच्या आणि आखातातल्या देणगीदारांना तोच कागद, त्याच दिवशी, फोटो काढून पाठवा. कमी पडलेली रक्कम लपवू नका. माणसं कमी पडलेल्या पैशांपेक्षा लपवलेल्या कागदावर जास्त चिडतात. आणि खरंच कुणी पैसे खाल्ले असतील, तर ते भांडण नाही, अपहार आहे. तिथे समेटाची भाषा बोलू नये.

कपेलाची गोष्ट निघाली म्हणून सांगते: सातबारा काढलाय का? कोकणात कितीतरी कपेलं आणि खुरीस (उघड्यावरचे क्रूस) कुणाच्या तरी आजोबांनी दिलेल्या तुकड्यावर उभे आहेत. दिलं तेव्हा तोंडी दिलं. आज सातबाऱ्यावर नातवंडांची सात नावं, त्यातली तीन मुंबईत. दुरुस्तीच्या भांडणाखाली बऱ्याचदा हेच दबलेलं असतं: "आमच्या जागेत आम्हाला न विचारता भिंत घातली." सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, तो महसुलाचा उतारा आहे, पण भांडण त्याच्यावरूनच पेटतं. जुने कागद शोधताना लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश) २००५ मध्ये झाला. त्याआधी तुमचा भाग पुणे धर्मप्रांतात होता. बिशप हाउसमध्ये नाही म्हटलं तर पुण्याला विचारा. विश्वस्त संस्थेच्या नावावर जागा असेल, तर ती विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तोंडी कबूल करून कुणी मोकळं होऊ शकत नाही, फादर नाही, मंडळही नाही. जागेच्या बाबतीत घाई नको आणि भावनेत येऊन सहीही नको.

आता फादर.

तुमच्या पत्रात सगळ्यात दबक्या आवाजात लिहिलेला भाग हाच आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. फादर भांडणात पक्षकार झाले असतील तर ते मध्यस्थ होऊ शकत नाहीत. हा त्यांचा अपमान नाही. शाळेत मी माझ्याच वर्गाच्या भांडणात कधी पंच झाले नाही. त्यांच्याशी आधी तुम्हीच बोला, एकट्या, आणि त्यांचंही ऐका. बहुतेक फादर एका तटाचे होतात ते एवढ्याचसाठी, की त्या तटाची माणसं रोज दिसतात, झाडलोट करतात, फुलं आणतात, डबा पाठवतात. जे रागावून दूर गेले ते दिसत नाहीत. फादरांनी त्या वीस-बावीस घरांपैकी पाच घरी जाऊन फक्त चहा घेतला, कपेलाचा विषयही न काढता, तर निम्मं काम होतं. मी असं करायला सांगितलेल्या फादरांपैकी दोघांनी नकार दिला. तिथे काम अडलं.

नकार आला, तर शेजारच्या धर्मग्रामातले ज्येष्ठ फादर किंवा तुमचे डीन (आसपासच्या धर्मग्रामांवर देखरेख करणारे फादर) यांना विनंती करा. त्यानंतर बिशप. बिशपांना पत्र एक पानाचं असावं. काय घडलं ते तारखांसह, काय करून पाहिलं ते, आणि काय हवंय ते एका वाक्यात. "फादरांची बदली करा" हे मागणं म्हणून लिहू नका. बदली झाली की दोन्ही तट नव्या फादरांना ओढायला लागतात, मूळ गोष्ट तिथेच राहते. सह्यांची मोहीम तर मुळीच नको. सही दिली आणि नाही दिली, यावरून गावात तिसरा तट तयार होतो. फादरांनी लेखी निर्णय देऊन कुणाचं पद काढलं असेल आणि त्याविरुद्ध दाद मागायची असेल, तर मुदत कमी असते, १७३७ व्या कॅननप्रमाणे पंधरा दिवस. त्याच संहितेत १७३३ वा कॅनन असा आहे की, वाद शक्यतो न्यायनिवाड्याकडे न नेता सामंजस्याने सोडवावा. बिशप हाउसला पत्र लिहिताना याचा उल्लेख केला तर मध्यस्थ मागणं सोपं जातं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत काम करताना गणित थोडं वेगळं असतं. तिथे पाळकसाहेबांपेक्षा पास्टोरेट कमिटीची (मंडळीच्या कारभार समितीची) निवडणूक पेटते, आणि मग दोन कार्यकारिण्या, धर्मादाय आयुक्तांकडे दोन चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याच्या नोंदी), आणि तारखा. एकदा तारखा पडायला लागल्या की मंडळी वकिलांच्या सोयीने चालते. नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल झाला नाही म्हणून गुंतलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. निवडणुकीआधीच मतदारयादी फलकावर लावली असती, तर त्यातली बहुतेक उठलीच नसती. तुम्ही कॅथलिक आहात, तुम्हाला याची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

आणि एक गोष्ट मी कुठल्याही तटाच्या, कुठल्याही मोठ्या माणसाच्या तोंडावर सांगते. मयत, आजारपण, बाप्तिस्मा, लग्न, ही भांडणाची हत्यारं नाहीत. योग्य रीतीने मागणाऱ्या श्रद्धावंताला संस्कार नाकारता येत नाही, हे ८४३ व्या कॅननमध्ये आहे. ख्रिस्ती मरणसंस्कार हा त्याचा हक्क आहे, हे ११७६ मध्ये. आणि गावाने ठरवून एखाद्या घराशी व्यवहार बंद केला, मयताला जाऊ नका असं सांगितलं, तर तो नुसता पाप-पुण्याचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोकणात वाळीत टाकायची सवय जुनी आहे आणि ती चर्चच्या दारात थांबत नाही. तुमच्या पत्रातलं ते मयत कुणी ठरवून टाळलं की प्रत्येकाने आपापल्या घरी लाजेने टाळलं, हे आधी शोधा. माझा अंदाज, लाजेनेच. "आपण गेलो तर आपल्या माणसांना काय वाटेल" एवढ्यापायी माणसं आयुष्यभर पुरणारी चूक करतात.

जे भांडण नाही त्याबद्दल दोन वाक्यं. मुलांवरचा अत्याचार, बाईचा छळ, मारहाण यांत मध्यस्थी करायची नाही, समेट सुचवायचा नाही, "मंडळीची अब्रू" हा शब्दही काढायचा नाही. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे. हे तुमच्या मंडळाच्या पहिल्या बैठकीतच सांगून टाका, म्हणजे नंतर कुणी बायबलमधलं पौलाचं "कोर्टात जाऊ नका" काढून दाखवणार नाही.

क्वायरचं आणि मिस्सा कोकणीत की मराठीत याचं मी फार लिहीत नाही. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय आणि मला वाटतं तेवढंच ते आहे. हिशोब मिटला की गाणी कुठल्या भाषेत हे आलटून पालटून ठरेल. नाही मिटला तर कुठल्याही भाषेत बेसूरच लागेल.

मग सभा कधी? ओट्या झाल्या, हिशोब फलकावर लागला, दोन-तीन घरं एकमेकांकडे जाऊन आली, की मग. खुर्च्या समोरासमोर दोन रांगांत मांडू नका, गोल मांडा, आणि तीसपेक्षा जास्त माणसं नकोत. २०२१ ते २०२४ च्या सिनॉडमध्ये (पोपनी बोलावलेल्या जागतिक चर्चसभेत) एकमेकांचं ऐकण्याची एक पद्धत वापरली होती, तीच मी आता वापरते. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. मग थोडा वेळ शांत. दुसऱ्या फेरीत स्वतःचं काही बोलायचं नाही, दुसऱ्याचं काय ऐकलं आणि त्यातलं काय मनाला भिडलं तेवढंच. ही दुसरी फेरी फार अवघड जाते. एका गावात एक काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तिने सांगितलं की तिच्या पोराला संडे स्कूलमध्ये चिडवलं. मला माहीत नव्हतं." एवढंच. त्या रात्री त्याहून मोठं कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या फेरीत पुढे काय करायचं ते.

जे ठरेल ते एका पानावर लिहा. कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत. "सगळ्यांनी प्रेमाने राहावं" असं लिहू नका, ते कुणालाच बांधत नाही. "३१ मार्चपर्यंत कपेलाचा हिशोब फलकावर", "मे महिन्यात खुरसाकडची लादीन दोन्ही वाडींनी मिळून, चणे आणि नारळ अर्धे अर्धे", असं लिहा. लादीन म्हणजे खुरसासमोरची सामुदायिक प्रार्थना, ती मी मुद्दाम म्हणते. चर्चमध्ये शेजारी बसायला माणसाला जड जातं, तिथे सगळ्यांचं लक्ष असतं. खुरसासमोर अंधार असतो, मेणबत्त्या वाऱ्याने विझतात, त्या एकमेकांच्या पेटवून घ्याव्या लागतात, आणि शेवटी उकडलेल्या चण्यांची ताटली हातातून हातात जाते. ती घेताना दोन वर्षांचं मौन कसं सुटतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळी घरं परत येतीलच असं मी सांगणार नाही. वीस-बावीसपैकी चार-पाच शेजारच्या चर्चलाच राहतील. राहू द्या. बायबलमधल्या पौल आणि बर्णबा या सोबत्यांचंही मार्क नावाच्या साथीदारावरून असं बिनसलं की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि पुढे तुरुंगातून लिहिताना पौलाने त्याच मार्कला घेऊन ये म्हणून निरोप धाडला. मधल्या वर्षांत काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या त्या घरांच्या लग्नाच्या पत्रिका येत राहतील याची काळजी घ्या, मिस्सा ते कुठेही ऐकोत.

वेळ विचाराल तर सहा महिने ते वर्ष धरा. दोन वर्षांचं भांडण प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत मिटवतो म्हणणाऱ्या फादरांचं मन चांगलं असतं, पण ते घाई करतात आणि ईस्टरला दोन्ही तटांना मिठी मारायला लावतात. ती मिठी सोमवारी सुटते.

सुरुवात मात्र याच आठवड्यात करा, आणि ती हिशोबाने नको, त्या मयताच्या घरापासून. तुमच्या तटाचं कुणी गेलं नव्हतं. तुम्ही स्वतः गेला होतात का ते पत्रात नाही, म्हणजे बहुधा नसाल. एकट्याच जा, मंडळाच्या सचिव म्हणून नाही. फादरांना नंतर सांगा. कारण देऊ नका, पाऊस होता, ताप होता, असलं काही नको. "यायला हवं होतं, आले नाही" एवढंच म्हणा आणि बसा. ते कदाचित चहा विचारणार नाहीत. तरी अर्धा तास बसा. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असेल, त्याच्याबद्दल विचारा. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत सगळी घरं आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला येतील, तेव्हा त्यांच्या थडग्यावर तुमचीही एक लावायला चालेल का, ते निघताना विचारा.